आजारी मुलाची शुश्रूषा : माया आणि माप

आजारी मुलाची शुश्रूषा हें स्त्रीला उपजतच साधणारें कार्य आहे, अशी समजूत आपल्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आई ही जन्मतःच परिचारिका असते असें म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तसें म्हणतांना आपण आईचा गौरव करीत आहों अशीच बोलणाराची भावना असते. परंतु मुलांच्या वॉर्डांत छत्तीस वर्षें काम केल्यानंतर या बाबतींत माझें मत निराळें झालें आहे. माया उपजत असते यांत शंका नाहीं. शुश्रूषा मात्र शिकावी लागते. मायेच्या बळावर मुलाला रात्रभर मांडीवर घेऊन बसतां येतें. पण त्या रात्रींत त्याच्या पोटांत किती पाणी गेलें, किती बाहेर पडलें, आणि औषधाचा शेवटचा डोस किती वाजतां व कोणाच्या हातून दिला गेला, या तीन प्रश्नांचीं उत्तरें केवळ मायेला देतां येत नाहींत. आणि सकाळीं डॉक्टर येतात तेव्हां ते नेमके हेच तीन प्रश्न विचारतात.

मी १९७९ सालीं परिचर्येचें शिक्षण पुरें करून नोकरीस लागलें व २०१५ सालीं निवृत्त झालें. आमचें घर सदाशिव पेठेंतलें, एकत्र व माणसांनीं भरलेलें. मी या व्यवसायांत जाणार असें ठरलें तेव्हां घरांत बराच खल झाला. मुलीनें शिक्षिका व्हावें, बँकेंत लागावें. पण परक्यांचें मलमूत्र काढण्याचें काम आपल्या घरच्या मुलीनें कां पत्करावें, असा वडीलधाऱ्यांचा प्रश्न होता. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदन सुरू केलें व पुढें मध्यमवर्गांतील स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविलें, तेव्हां त्यांनाहि याच जातीच्या नापसंतीला तोंड द्यावें लागलें होतें. सत्तर वर्षें लोटलीं तरी तो प्रश्न आमच्या ओसरीवर होता तसाच उभा होता. वादविवाद करून मीं त्याचें उत्तर दिलें नाहीं. तें मला कामांतच सांपडलें. ज्याची सगळ्यांना किळस येते तें मलमूत्रच मुलाच्या प्रकृतीची खरी बातमी देतें, आणि त्याचें नीट माप ठेवणें हें आमचें निम्में काम असतें.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हें आम्हांला पहिल्याच महिन्यांत शिकविण्यांत आलें. नवजात अर्भकाच्या वजनापैकीं सुमारें पाऊण भाग पाणीच असतो. प्रौढ माणसांत तें प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास येतें. एवढें पाणी अंगांत असल्यावर मुलाला तहानेची भीति कशाला, असें कोणासहि वाटेल. पण वस्तुस्थिति उलट आहे. मुलाच्या अंगांतील पाण्याची उलाढाल मोठ्या माणसाच्या मानानें फार जलद होते; वजनाच्या मानानें त्वचेचा विस्तार अधिक, श्वास अधिक वेगाचा, आणि तान्ह्या मुलाचीं मूत्रपिंडें अद्याप काटकसर शिकलेलीं नसतात. तीन किलो वजनाच्या अर्भकाच्या अंगांत सगळें मिळून अडीचशें मिलिलिटरच्या सुमारास रक्त असतें, म्हणजे आपल्या घरांतील एका पेल्याएवढें. मोठ्या माणसाला चार-सहा जुलाब झाले तर तो थकतो. तान्ह्या मुलाला तितकेच झाले तर त्याच्या सर्व पुंजीलाच हात लागतो.

दिवसाला मुलाला पाणी लागतें तरी किती, याचा एक सोपा हिशेब हॉलिडे व सेगर या दोन अमेरिकन डॉक्टरांनीं १९५७ सालीं मांडला, आणि तोच आजवर जगभरच्या परिचारिकांना पाठ असतो. वजनाच्या पहिल्या दहा किलोंना दर किलोमागें १०० मिलिलिटर, पुढच्या दहा किलोंना ५०, व त्यापुढें २०. दहा किलोच्या मुलाला दिवसाला एक लिटर; चौदा किलोच्या मुलाला बाराशें मिलिलिटर. हें झालें निरोगी स्थितींतलें नित्याचें पाणी, आणि त्यांत दूध, पेज वगैरे सर्व पातळ पदार्थ आले. जुलाबांतून वा उलटींतून जें जातें त्याची भरपाई याहून वेगळी करावी लागते. उलट मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या कांहीं विकारांत डॉक्टर पाणी मोजून कमी करावयास सांगतात. म्हणून “आजाऱ्याला भरपूर पाणी पाजा” हा सल्लाहि सरसकट देण्याजोगा नाहीं.

वॉर्डांत हा हिशेब थेंबाथेंबानें चालतो. सलाईनच्या बाटलींतून मुलाच्या शिरेंत पाणी सोडावयाचें असलें म्हणजे बाटलीखालीं खुणा केलेली एक नळकांडी जोडतात. तींत एक-दोन तासांपुरताच द्रव भरून वरचा चाप बंद करावयाचा. हेतु असा कीं, रात्रीं कोणाचा डोळा लागला, मुलानें हात झटकला, किंवा खालचा चाप सैल झाला, तरी नळकांडींत असेल त्यापेक्षां एक थेंबहि अधिक अंगांत जाऊं नये. मुलांच्या नळीचा थेंब मुद्दाम बारीक केलेला असतो. असे साठ थेंब म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळें तासाला जितके मिलिलिटर द्यावयाचे तितकेच थेंब मिनिटाला पडले पाहिजेत. आतां बहुतेक मोठ्या इस्पितळांत हें काम यंत्रें करतात. आम्हीं तें मनगटावरचें घड्याळ व बॅटरीचा उजेड यांवर केलें. चाळीस थेंबांच्या जागीं साठ पडूं लागले तर घरच्या माणसांना कांहींच दिसत नाहीं. मूल शांत निजलेलें असतें, आणि इकडे पाणी फुप्फुसांत उतरूं लागतें. कमी पाणी जितकें घातक तितकेंच अधिकहि घातक असतें, हें मला त्या थेंबांनीं शिकविलें.

जें आंत गेलें तें एका रकान्यांत, जें बाहेर आलें तें दुसऱ्यांत. तान्ह्या मुलाची लघवी भांड्यांत धरतां येत नाहीं, म्हणून कोरडें लंगोट आधीं तोलून ठेवावयाचें व ओलें पुन्हां तोलावयाचें. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर लघवी झाली असें धरावयाचें. मुलाला दर किलोमागें तासाला सुमारें एक मिलिलिटर लघवी व्हावी, अशी आमची अपेक्षा असे. तीहून ती फार उणी पडली म्हणजे सिस्टर डॉक्टरांना उठवी, मग रात्रीचे तीन कां वाजलेले असेनात.

१९९४ सालच्या जुलै महिन्यांतली एक हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नऊ महिन्यांचा, आठ किलो वजनाचा एक मुलगा रात्रीं साडेनऊच्या सुमारास आमच्याकडे आला. दोन दिवस जुलाब होत होते. घर अकरा माणसांचें, सुशिक्षित, आणि मुलावर जीव टाकणारें. पाणी दिलें कीं जुलाब वाढतात म्हणून आजींनीं पाणी बंद केलें होतें. दूध जड म्हणून अंगावरचेंहि तोडलें होतें. काकूंनीं जायफळ उगाळून चाटविलें होतें. आत्यांनीं शेजारच्या मुलाचें उरलेलें औषध दोनदां पाजलें होतें. कोणतें, तें बाटलीवरची चिठ्ठी निघाल्यामुळें कळत नव्हतें. मुलाचे डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती, पोटावरची कातडी चिमटींत धरून सोडली तर सावकाश मागें जात होती. पण तो शुद्धीवर होता, चिडचिडत होता, आणि चमचा ओठांना लागतांच अधाशासारखें तोंड पुढें करीत होता. डॉक्टरांनीं त्याला तपासून सांगितलें कीं सलाईनची जरूर नाहीं, तोंडानें जलसंजीवनी द्यावयाची.

आजोबा नाराज झाले. “एवढ्या पावसांतून इस्पितळांत आणलें तें चमच्यानें पाणी पाजण्याकरितां काय?” असें ते मला म्हणाले. त्यांचें म्हणणें मला अस्वाभाविक वाटलें नाहीं. बाटली टांगलेली दिसली म्हणजे उपचार चालू आहेत असें माणसाला वाटतें. मीं त्यांच्यापुढें हिशेब मांडला. दर किलोला ७५ मिलिलिटर या मानानें आठ किलोला ६०० मिलिलिटर चार तासांत जावयाला हवें. पांच मिलिलिटरचा एक चमचा धरला तर १२० चमचे, आणि चार तासांचीं मिनिटें २४०. म्हणजे दर दोन मिनिटांस एक चमचा. वॉर्डांत त्या रात्रीं तीस मुलें होतीं व आम्ही दोघीजणी होतों. एका मुलापाशीं चार तास बसणें मला शक्य नव्हतें. तें काम घरच्यांनींच करावयाचें होतें.

आजींच्या हातांत तुळशीची माळ होती. मीं विचारलें, “आजी, माळेचे मणी किती?” त्या म्हणाल्या, “एकशेंआठ.” मीं म्हटलें, “मग एक माळ पुरी करा, आणि वर बारा मणी.” त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांनीं पदर सारखा केला व खाटेशेजारीं बसल्या. आईनें चमचा द्यावयाचा, आजोबांनीं घड्याळाकडे पाहून वेळ सांगावयाची, आजींनीं मणी ओढावयाचा, अशी वांटणी झाली.

विसाव्या मण्याला मुलाला उलटी झाली. “बघा, ठरत नाहीं त्याला,” असें म्हणून आजींनीं माळ खालीं ठेवली. उलटी झाली म्हणजे पाणी थांबवावयाचें नसतें; दहा मिनिटें थांबून पुन्हां सुरू करावयाचें व थोडा वेळ अधिक सावकाश द्यावयाचें. त्याप्रमाणें झालें. मध्यंतरीं आईनें त्याला अंगावर घेतलें. एकच्या सुमारास मूल मोठ्यानें रडूं लागलें. त्याला गप्प करण्याकरितां आजींनीं हात पुढें केला. मीं म्हटलें, “राहूं द्या, आजी, त्याच्या गालाकडे पाहा.” गालावर पाणी ओघळत होतें. आल्यापासून तो कोरड्या डोळ्यांनींच रडत होता. पावणेतीनच्या सुमारास एक माळ आणि वर बारा मणी पुरे झाले, आणि पहाटे चाळीस ग्रॅमांचें लंगोट शंभर ग्रॅम भरलें.

मी तो आंकडा कागदावर लिहीत असतां आजी माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजांत म्हणाल्या, “पाणी देऊं नये, हें मला माझ्या सासूबाईंनीं सांगितलें होतें. त्यांचीं दोन मुलें ह्याच दुखण्यांत गेलीं.” एवढें बोलून त्या थांबल्या, आणि पुढें कांहीं बोलल्या नाहींत. मींहि कांहीं बोललें नाहीं. जलसंजीवनीच्या दोन पुड्या त्यांच्या हातीं दिल्या.

त्या आजींना दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. जें भांडें गळतें त्यांत पाणी ओतूं नये, हा व्यवहारांतला नियम त्यांनीं मुलाला लावला होता. आंतड्याचा नियम वेगळा आहे. जुलाबांत आंतडें केवळ पाणी नीट शोषून घेत नाहीं. पण पाण्यांत मीठ व साखर ठराविक प्रमाणांत असली तर साखर आपल्याबरोबर मिठाला आंत ओढते, आणि मिठामागोमाग पाणी जातें. ही वाट कॉलऱ्यांतहि उघडी राहते. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं तोंडानें असें पाणी देऊन कॉलऱ्याचे रोगी बरे केल्याचा अहवाल १९५३ सालींच प्रसिद्ध केला होता. १९६८ सालीं ढाक्यांत पद्धतशीर प्रयोग होऊन त्याला बळकटी आली. खरी कसोटी लागली ती १९७१ सालीं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत कॉलरा फैलावला. सरहद्दीजवळच्या बनगांव येथील इस्पितळांत रोगी जमिनीवर पडलेले, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचें मिश्रण कलकत्त्यांत पुड्यांत भरून आणविलें, पिंपांत पाणी घालून तें विरघळविलें, आणि रोग्यांच्या नातलगांना पेले देऊन तें पाजावयास बसविलें. तेथें सुमारें ३० टक्क्यांवर गेलेलें मृत्यूचें प्रमाण ४ टक्क्यांच्याहि खालीं आलें. डॉ. महालनबीस २०२२ सालीं वारले. २०२३ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालें. त्यांच्या या कामांत मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट ही कीं, त्यांनीं शिकलेल्या माणसाच्या हातचें काम घाबरलेल्या आईबापांच्या हातीं दिलें, आणि तें त्यांना साधलें. कारण प्रमाण अगोदरच ठरवून दिलेलें होतें.

आपल्या जुन्या रीतींपैकीं सर्वच टाकाऊ आहेत असें मुळींच नाहीं. मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक, डाळीचें पाणी हें जुलाब झालेल्या मुलाला हितकरच आहे. अंगावरचें दूध तर कधींहि बंद करूं नये. लंघन मात्र मुलांना नको; सहा महिन्यांवरच्या मुलाला नेहमींचें मऊ अन्न थोडें थोडें, पण वरचेवर द्यावें. जायफळ, अफूची मात्रा यांसारख्या गुंगी आणणाऱ्या वस्तु मुलाला चाटवूं नयेत. कारण मूल गुंगलें तर तें औषधानें गुंगलें कीं अंगांतलें पाणी आटल्यामुळें, हें डॉक्टरांनाहि कळणें कठीण होतें. मधांतून चाटण देण्याची आपल्याकडे चाल आहे. परंतु एक वर्षाच्या आंतील मुलाला मध देऊं नये, असें आजचें वैद्यकशास्त्र निक्षून सांगतें.

जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यांत सगळीच्या सगळी घालावयाची असते. सध्यांच्या जागतिक प्रमाणांत तींत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सायट्रेट असतें. चव यावी म्हणून वरून साखर घालणें, किंवा काटकसर म्हणून एका पेल्यांत अर्धी पुडी कालविणें, दोन्ही वाईट. पुडी थोड्या पाण्यांत घातली तर मिठाचें प्रमाण वाढून मेंदूला इजा होण्याचें भय असतें. केलेलें पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावें. दर पातळ शौचामागें दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर व त्यावरील मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्यावें. पुडी हाताशीं नसेल तर एक लिटर पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे सुरीनें वरचा ढीग काढलेला. जस्ताची गोळी डॉक्टर दहा ते चौदा दिवस देतात. जुलाब थांबले म्हणून ती मध्येंच सोडूं नये. दुकानांत याच नांवाशीं मिळतीं गोड पेयें विकलीं जात. त्यांत साखर फार व क्षार उणे. २०२५ च्या ऑक्टोबरांत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें अशा पेयांवर ओआरएस हीं अक्षरें छापण्यास मनाई केली. तरी खोक्यावरचें प्रमाण वाचण्याची संवय प्रत्येक घरीं असावी. मूल झोपाळू झालें, पाणी पिईनासें झालें, शौचावाटें रक्त पडूं लागलें, किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नाहीं, तर चमच्यावर विसंबूं नये. त्याला ताबडतोब इस्पितळांत न्यावें.

आतां औषधाविषयीं. परिचारिकेला औषध हातांत घेतांना पांच गोष्टी मनांत म्हणाव्या लागतात: मूल तेंच, औषध तेंच, मात्रा तीच, मार्ग तोच, वेळ तीच. घरीं एकच मूल आजारी असतें, तेव्हां पहिली गोष्ट अनाठायीं वाटेल; पण एकत्र कुटुंबांत दोन चुलत भावंडांना एकाच आठवड्यांत ताप येतो आणि एकाची बाटली दुसऱ्याच्या उशाशीं जाते. मुलाची मात्रा वयावर ठरत नसून वजनावर ठरते. तीन वर्षांचीं दोन मुलें एक अकरा किलोचें व एक सतरा किलोचें असूं शकतात. म्हणून मुलाचें वजन घरांत सर्वांस ठाऊक असलें पाहिजे.

एका घरीं घडलेली गोष्ट सांगतें. दहा किलोच्या मुलीला तापासाठीं पॅरासिटामॉलचें पातळ औषध ६ मिलिलिटर लिहून दिलें होतें. त्या बाटलींत ५ मिलिलिटरमध्यें १२५ मिलिग्रॅम औषध असतें, म्हणजे ६ मिलिलिटरमध्यें १५० मिलिग्रॅम. तें त्या वजनाला बरोबर होतें. बाटली संपल्यावर घरांतल्या एकानें तेंच नांव वाचून तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटल्या आणल्या. त्यांत एका मिलिलिटरमध्येंच १०० मिलिग्रॅम असतें. नांव तेंच, माप तेंच, पण मात्रा चौपट झाली: ६०० मिलिग्रॅम. दुपारीं एकदां व संध्याकाळीं एकदां ती दिली गेली. रात्रीं तिसऱ्यांदां देतांना बारा वर्षांच्या बहिणीनें बाटलीवरचीं अक्षरें मोठ्यानें वाचलीं, आणि तिला आंकडा वेगळा दिसला. मुलीला इस्पितळांत ठेवून रक्त तपासलें; सुदैवानें यकृताला इजा झाली नव्हती. घरांतलीं सर्व माणसें पदवीधर होतीं. त्यांच्या बुद्धींत उणें नव्हतें. बाटलीवरचा आंकडा वाचण्याचें काम कोणाचें, हें ठरलेलें नव्हतें एवढेंच.

म्हणून घरांतला पोह्यांचा चमचा औषधाला वापरूं नये. कोणत्याहि दोन घरचे चमचे सारखे नसतात. बाटलीबरोबर आलेलें मापाचें झांकण किंवा सुई नसलेली पिचकारी घ्यावी. मुलाला अर्धवट बसवून पिचकारीचें टोंक गालाच्या आंतल्या बाजूस ठेवावें व थोडें थोडें सोडावें. नाक दाबून घशांत ओतूं नये. औषध दुधाच्या बाटलींत मिसळूं नये, कारण मुलानें अर्धें दूध टाकलें तर किती औषध पोटांत गेलें हें कळत नाहीं. औषधाला खाऊ म्हणूं नये; मूल तें खरें मानतें व एकांतांत बाटली शोधतें. आंकडा लिहितांना अर्ध्याआधीं शून्य घालावें, ०.५ असें, नुसतें.५ लिहिलें तर टिंब पुसट होऊन ५ वाचलें जातें. ॲस्पिरिन मुलांना आपण होऊन कधींहि देऊं नये. खोकल्याच्या औषधांविषयीं तर आतां सर्वांनींच सावध झालें पाहिजे. २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या दूषित औषधानें मुलें दगावलीं. त्यांपैकीं कित्येकांवर नागपुरांत उपचार झाले होते. त्या औषधांतील विषानें मूत्रपिंडें निकामी होत होतीं, आणि घरच्यांना दिसण्याजोगें ठळक लक्षण एकच होतें: मुलाची लघवी कमी होत जाऊन थांबली होती. लंगोटाकडे वा मोरीकडे लक्ष ठेवणें हें हलकें काम नव्हे, तें याकरितां.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालच्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकांत किरकोळ व्यवस्थेसाठीं एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. आपण हजर असतांना जें होतें तें आपण नसतांनाहि कसें होईल, हा त्याचा विषय. एकत्र कुटुंबाला याहून उपयोगी उपदेश मला ठाऊक नाहीं. आपल्या घरांत हात पुष्कळ असतात. एकट्या आईच्या घराला ज्याचा हेवा वाटावा असें तें भाग्य आहे. परंतु तेच हात एकमेकांस न विचारतां पुढें आले तर मुलाला एकच औषध तीनदां मिळतें, आणि पाणी, प्रत्येकाला दुसऱ्यानें दिलें असेल असें वाटून, कोणाच्याच हातून मिळत नाहीं. वॉर्डांत पाळी बदलतांना जाणारी परिचारिका येणारीला खाटेजवळ नेऊन सांगते व कागदावर दाखविते. घरींहि तसें करण्यास कांहीं अडचण नाहीं.

याकरितां फार सामग्री लागत नाहीं. एक वही, तिला दोऱ्यानें बांधलेली पेन्सिल, एक खुणा असलेला पेला, एक पिचकारी व एक थर्मामीटर. वहीच्या पहिल्या ओळींत मुलाचें वजन व तारीख. खालीं रकाने पांच: वेळ, आंत काय व किती, बाहेर काय, औषध व मात्रा, आणि देणाराची सही. देण्यापूर्वीं आधींची ओळ वाचावयाची, व दिल्याबरोबर नवी लिहावयाची. आजींपासून आत्यापर्यंत सर्वांस हाच नियम. घरांतील पुरुषांसहि तोच, कारण रात्रीं दोन वाजतां चमचा धरण्यास स्त्रीचाच हात लागतो असें शास्त्रांत कोठें सांगितलेलें नाहीं.

अशी मोजदाद ठेवल्यानें मायेंत रुक्षपणा येतो, असा आक्षेप मीं पुष्कळदां ऐकला आहे. माझा अनुभव निराळा आहे. ज्या घरीं वही असते त्या घरची आई रात्रीं दोन तास निर्धास्त झोंपते, कारण जागणाऱ्याला काय करावयाचें तें तिच्या अक्षरांत लिहिलेलें असतें. वाचकांनीं पावसाळा लागण्यापूर्वींच वही आणून ठेवावी, आणि घरांतील प्रत्येक मुलाचें वजन तींत आजच लिहावें.